पॉपी कधी, कशी आणि का लावायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर संपत आला की ब्रिटनमधल्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न येऊ लागतात. कुणी नुकतं शिकायला आलेलं असतं, कुणी नव्या नोकरीत रुजू झालेलं, तर कुणी आजी-आजोबा नातवंडांकडे दोन-चार महिन्यांसाठी आलेले असतात. उत्तरं मुख्यतः ब्रिटनमधल्या रिवाजाला धरून आहेत. इतर देशांसाठी प्रश्न १५ आणि भारतासाठी प्रश्न १६ पाहा.

१. नोव्हेंबर आला की इथे सगळ्यांच्या कोटावर लाल कागदी फूल दिसतं. ते काय असतं?

ती पॉपी. युद्धात मारल्या गेलेल्या सैनिकांची आठवण म्हणून ती लावतात. पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता थांबलं, म्हणून हा दिवस आणि ही वेळ. आता मात्र ही आठवण फक्त त्या युद्धापुरती राहिलेली नाही. दुसरं महायुद्ध आणि त्यानंतरच्या लढायांमध्ये गेलेलेही तिच्यात आले.

फूल घेताना आपण जे पैसे देतो ते रॉयल ब्रिटिश लीजन या संस्थेकडे जातात आणि आजी-माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी वापरले जातात. आपल्याकडे ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला शाळेत छोटा कागदी झेंडा घेऊन शर्टाला टाचायचो, त्याच जातीची ही गोष्ट आहे. लीजनची भूमिका अशी की पॉपी ही स्मरणाची आणि शांततेच्या आशेची खूण आहे. तिचा कुठल्या पक्षाशी, धर्माशी किंवा युद्धाच्या समर्थनाशी संबंध नाही. सगळ्यांना हे पटतं असं नाही. त्याबद्दल प्रश्न ९, ११ आणि १२.

२. इतकी फुलं असताना पॉपीच का?

कारण ती तिथे खरोखर उगवली. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधल्या शेतांत रानपॉपीचं बी वर्षानुवर्षं मातीत निपचित पडून राहतं आणि जमीन उकरली गेली, उजेड मिळाला की रुजतं. तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी ती जमीन इतकी उलथीपालथी झाली होती की बाकी काही उगवत नव्हतं तिथे ही लाल फुलं आली, अगदी ताज्या कबरींवरही.

मे १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जॉन मॅक्रे या कॅनडियन लष्करी डॉक्टरचा तरुण मित्र मारला गेला. त्यानंतर मॅक्रेने या फुलांवर 'इन फ्लँडर्स फील्ड्स' ही कविता लिहिली. ती डिसेंबर १९१५ मध्ये लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात छापून आली आणि तोंडोतोंडी झाली. मॅक्रे स्वतः युद्ध संपायच्या आधीच, जानेवारी १९१८ मध्ये, न्यूमोनियाने गेला.

पुढचं काम दोन बायकांनी केलं आणि त्यांची नावं कमी घेतली जातात, म्हणून मुद्दाम सांगते. मोइना मायकेल या अमेरिकन शिक्षिकेने ती कविता वाचून नोव्हेंबर १९१८ मध्ये रेशमी पॉपी लावली आणि इतरांनाही वाटली. अ‍ॅना गेरँ या फ्रेंच बाईंनी कापडी पॉप्या विकून युद्धग्रस्तांसाठी पैसे उभे करायची कल्पना देशोदेशी नेली. १९२१ मध्ये त्या लंडनला आल्या आणि नुकत्याच स्थापन झालेल्या ब्रिटिश लीजनने त्यांचं म्हणणं उचलून धरलं. ११ नोव्हेंबर १९२१ च्या पहिल्याच पॉपी-दिनाला १ लाख ६ हजार पौंड जमले. पुढच्याच वर्षी मेजर जॉर्ज हाउसन यांनी लंडनमध्ये अपंग झालेल्या सैनिकांना काम मिळावं म्हणून पॉपीचा कारखाना सुरू केला.

३. पॉपी म्हणजे खसखशीचं, अफूचं झाड ना? मग हे कसं चालतं?

नाही. अफू आणि खसखस देणारं झाड वेगळं, ही रानपॉपी वेगळी. एकाच कुळातल्या या दोन जाती आहेत. रानपॉपीतून अफू निघत नाही.

पण अफूचा संदर्भ एकदा खरंच आडवा आला होता. नोव्हेंबर २०१० मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून चीनला गेले, तेव्हा चिनी अधिकाऱ्यांनी ब्रिटिश शिष्टमंडळाला पॉपी काढायला सांगितलं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनने चीनवर लादलेल्या अफूच्या युद्धांची त्यांना आठवण झाली. शिष्टमंडळाने पॉपी काढली नाही. त्या अफूतली बरीचशी मुंबई बंदरातून जहाजांवर चढत होती, हे आपण विसरू नये.

४. कधीपासून कधीपर्यंत लावायची?

साधारण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात विक्री सुरू होते, तेव्हापासून लावली तरी चालते. काही जण १ नोव्हेंबरपासूनच लावतात. ११ नोव्हेंबरनंतर काढतात. मात्र स्मरण-रविवार, म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा रविवार, त्या वर्षी ११ तारखेनंतर येत असेल तर रविवारपर्यंत ठेवायची. कुठलाही कायदा नाही, रिवाज आहे. डिसेंबरात कोटावर राहून गेली तर कुणी रागावत नाही, फक्त राहून गेली हे कळतं.

५. डाव्या बाजूला की उजव्या? आणि पान ११ वाजल्याच्या दिशेला हवं, असं ऑफिसातली एक बाई म्हणाली.

बहुतेक लोक डावीकडे, हृदयाच्या बाजूला लावतात. बायकांनी उजवीकडे लावायची असं काही जण सांगतात, पण तसा नियम नाही. पान घड्याळातल्या ११ च्या दिशेला, लाल म्हणजे रक्त, काळं म्हणजे शोक, हिरवं म्हणजे आशा, हे सगळं लोकांनी प्रेमाने जोडलेलं आहे. लीजनने असं काही ठरवलेलं नाही. फूल लाल असतं कारण शेतातली पॉपी लाल असते. ११ च्या दिशेला पान ठेवायला आवडत असेल तर जरूर ठेवा, पण दुसऱ्याचं पान सरळ करायला जाऊ नका.

स्कॉटलंडमधली पॉपी चार पाकळ्यांची आणि बिनपानाची असते, त्यामुळे एडिनबर्गमध्ये हा वाद उद्भवतच नाही.

६. दिवाळीचा कार्यक्रम त्याच दिवसांत येतो. साडीवर, पैठणीवर, शेरवानीवर पॉपी लावली तर चालेल का?

चालेल, आणि शोभतेही. कपडा कोणता याला काही महत्त्व नाही. शीख बांधव पगडीला लावतात, हिजाबवर लावलेलीही दिसते.

पैठणीला मात्र जपा. कागदी फुलाची टाचणी जरीत किंवा रेशमात घुसवली की धागा निघतो. खांद्यावर पदराच्या निऱ्या धरायला सेफ्टीपिन लावलेली असतेच, तिथेच पॉपी अडकवा; किंवा ब्लाउजच्या जाड भागावर लावा. धातूची किंवा मुलामा दिलेली ब्रोचसारखी पॉपी मिळते, ती रेशमावर आणखी जड पडते. शेरवानीला, बंदगळ्याला डावीकडे छातीवर.

स्मरण-रविवारीच मंडळाचा फराळ असेल तर कार्यक्रम पुढे ढकलायची गरज नाही. सकाळी ११ वाजता हॉलमध्ये असाल तर दोन मिनिटं उभे राहा (प्रश्न १३), मग पुढचं चालू द्या. अनेक मंडळं असं करतात आणि यजमान देशातल्या पाहुण्यांना ते लक्षात राहतं.

७. कुठे मिळते आणि किती पैसे द्यायचे?

रेल्वे स्टेशनच्या दाराशी, सुपरमार्केटात, शाळेत, टपाल कार्यालयात. किंमत ठरलेली नसते. खिशातलं नाणं टाका किंवा कार्ड टेकवा, जमेल तितकं. डबा घेऊन उभे असणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, त्यांत बरेच वयस्कर माजी सैनिक. थांबून दोन शब्द बोललात तर त्यांना आवडतं. तुमचं आडनाव ऐकून कुणी मराठा रेजिमेंटची आठवण काढली तर आश्चर्य वाटू देऊ नका.

ऑनलाइन बाजारात स्वस्त धातूच्या पॉप्या ढिगाने मिळतात. त्यांतल्या कितीतरी नकली असतात आणि त्यातला एक पैसाही सैनिकांपर्यंत जात नाही. घ्यायचीच असेल तर लीजनच्या किंवा तिथल्यासारखंच काम स्कॉटलंडमध्ये करणाऱ्या पॉपीस्कॉटलंडच्या दुकानातून घ्या.

८. आमच्या टीममध्ये सगळ्यांनी लावली आहे. मी लावली नाही तर वाईट दिसेल का? लावलीच पाहिजे का?

नाही. कायदा नाही, सक्ती नाही, आणि खुद्द लीजन म्हणते की हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. टीव्हीवर दिसणाऱ्या माणसांवर मात्र दडपण येतं. चॅनल फोरचे वृत्तनिवेदक जॉन स्नो यांनी २००६ मध्ये बातम्या देताना पॉपी लावायला नकार दिला आणि या दडपणावर जाहीर टीका केली. त्यावर बराच गदारोळ झाला.

ऑफिसात सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर "मी लावत नाही" एवढं पुरे, कारण द्यायची जबाबदारी तुमच्यावर नाही. माझं मत विचाराल तर, न कळता भीतीपोटी लावण्यापेक्षा न लावणं बरं. आणि लावलीत तर कुणाची आठवण म्हणून लावता आहात ते माहीत असू द्या. त्यासाठी पुढचं उत्तर.

रुग्णालयात काम करणाऱ्यांनी आपल्या वॉर्डाचा नियम विचारावा. रुग्णांजवळ काम करताना टाचण्या आणि पिना अनेक ठिकाणी चालत नाहीत.

९. हे इंग्रजांचं युद्ध आणि इंग्रजांचं फूल. आपला त्याच्याशी काय संबंध?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. उत्तर लांब आहे आणि मला ते लांबच द्यायचं आहे.

पहिल्या महायुद्धात अविभाजित हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसं गेली. त्यांतले सुमारे ७४ हजार परतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सैन्य २५ लाखांवर गेलं आणि सुमारे ८७ हजार मारले गेले. यांतला मोठा वाटा पंजाबचा, पण सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, पुणे, नगर इथल्या गावांनीही आपली माणसं दिली. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखलं जातं, ते याच परंपरेमुळे.

मराठा पलटणींचं पहिलं महायुद्ध मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झालं. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेने गेलेलं हे सैन्य मागे हटत टायग्रिसच्या काठी कुत-अल-अमारा इथे आलं आणि डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांच्या वेढ्यात अडकलं. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आलं, घोडे मारून खायची वेळ आली. अनेक हिंदी शिपायांनी कितीतरी दिवस घोड्याचं मांस नाकारलं आणि उपासमारीने, स्कर्व्हीने खंगले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. त्यानंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात हजारो मेले. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत "आजोबांचे काका बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत" एवढंच वाक्य उरलं आहे. ते वाक्य या लढाईचं आहे (बसरा म्हणजे इराकमधलं बंदर).

१९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती मोडली गेली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहायला १९४१ साल यावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत दोन मराठी जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान मिळाला. नाईक यशवंत घाडगे, आजच्या रायगड जिल्ह्यातले. १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीतले बहुतेक सगळे पडले असताना एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ते ताब्यात घेतलं आणि तिथेच मारले गेले. त्यांची कबर सापडलेली नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो या गावच्या युद्धस्मारकावर आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे. दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून जखमी सोबत्यांना बाहेर काढलं आणि शत्रूची मशीनगनची ठाणी गप्प केली. ते वाचले, आणि १९८४ पर्यंत आपल्यात होते.

खलाशांना तर कुणी मोजतच नाही. कोकणातली आणि गोव्यातली माणसं बोटीवर भट्टीत कोळसा घालायला, स्वयंपाकाला, डेकवर होती. टॉर्पेडो लागला की भट्टीवाले आधी जायचे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. मुंबईतल्या किती जणांना ते ठाऊक आहे?

तेव्हा पॉपी लावणं हा इंग्रजांवर केलेला उपकार ठरत नाही. त्या स्मरणात आपला वाटा आधीपासून आहे. तो घ्यायचा की नाही हे आपण ठरवायचं.

१०. पण स्मारकांवर आपल्या लोकांची नावं तरी आहेत का?

काही ठिकाणी आहेत. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल इथलं १९२७ चं स्मारक खास हिंदी सैनिकांचं आहे, त्यावर ४,७०० हून अधिक नावं आहेत. बेल्जियममध्ये ईप्रच्या मेनिन गेटवरही हिंदी नावं आहेत. तिथे रोज रात्री ८ वाजता बिगुल वाजतो. ब्रायटनजवळच्या टेकडीवर जिथे ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर अंत्यसंस्कार झाले, तिथे पांढरी संगमरवरी छत्री आहे. दर जूनमध्ये तिथे कार्यक्रम होतो. इंग्लंडमध्ये राहत असाल तर मुलांना घेऊन एकदा जाऊन या.

आणि काही ठिकाणी नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, पण हिंदी शिपायांचा बहुतांशी पलटणीखाली फक्त आकडा लिहिला. युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने एप्रिल २०२१ च्या अहवालात कबूल केलं की आशिया-आफ्रिकेतल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी किंवा मुळीच नोंद झालेली नाही, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकतो. कमिशनने माफी मागितली. मला याचा राग येतो, आणि याचसाठी मी पॉपी लावते. ज्यांचं नाव दगडावर आलं नाही त्यांना आठवायला निदान त्यांचे लोक तरी हवेत.

११. जालियनवाला बाग करणाऱ्या सैन्याचं चिन्ह छातीवर लावायला मन होत नाही.

हे म्हणणं पूर्णपणे समजण्यासारखं आहे, आणि या कारणासाठी न लावणारी माणसं माझ्या परिचयात आहेत. १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरले. टिळकांचंही म्हणणं होतं की तरुणांनी सैन्यात जावं, पण त्याबदल्यात अधिकारीपदं आणि स्वराज्याचे हक्क मिळावेत. मिळाला १९१९ चा रौलट कायदा, आणि त्या एप्रिलमध्ये अमृतसर. ही फसवणूक विसरून पॉपी लावायची नसते.

पण कुतमध्ये उपाशी मेलेल्या शिपायाने अमृतसरचा हुकूम दिला नव्हता. तो पगारासाठी, दुष्काळामुळे, घराण्याच्या रीतीमुळे किंवा पाटलाने नाव दिलं म्हणून गेला होता. त्याला आठवायला साम्राज्याचं कौतुक करावं लागत नाही. तरीही लाल पॉपी नकोच वाटली, तर प्रश्न १२ मधले पर्याय आहेत आणि १६ मधला झेंडूही आहे.

१२. पांढरी, जांभळी, काळी, खादीची अशा पॉप्या पाहिल्या. काय फरक?

पांढरी सर्वांत जुनी. १९३३ मध्ये सहकारी चळवळीतल्या महिलांच्या गिल्डने ती सुरू केली. त्यांतल्या अनेकींचे नवरे, भाऊ, मुलगे युद्धात गेले होते. आता ती पीस प्लेज युनियन ही शांततावादी संघटना वाटते. तिच्यात सैनिकांबरोबर सामान्य नागरिकांचीही, सगळ्या देशांतल्या मृतांची आठवण असते. कुणाला ती सैनिकांचा अपमान वाटते, पण सुरू करणाऱ्या बायका कोण होत्या हे पाहिलं तर तसं म्हणवत नाही. लाल आणि पांढरी दोन्ही एकत्र लावणारेही आहेत.

जांभळी युद्धात मेलेल्या घोडे, खेचरं, कुत्री, कबुतरं अशा प्राण्यांसाठी. 'ब्लॅक पॉपी रोझ' आफ्रिकन, कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन लोकांच्या योगदानासाठी, २०१० पासून.

खादीची पॉपी २०१८ मध्ये आली, पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीला १०० वर्षं होताना. हिंदी सैनिकांच्या स्मरणासाठी लॉर्ड जितेश गढिया यांनी ती लीजनबरोबर पुढे आणली आणि तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनीही ती लावली. खादी निवडल्यामुळे काहींचं मन भरून आलं, तर काहींना ते विसंगत वाटलं: ज्या कापडाने परक्या सत्तेला नकार दिला, त्याच्यातच साम्राज्याच्या सैनिकांची आठवण! मला वाटतं, आपला इतिहासच तसा आहे. एकाच घरात एक भाऊ बसऱ्याला आणि दुसरा येरवड्याला असं घडलेलं आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये मामला वेगळा आणि नाजूक आहे. तिथल्या अनेक कॅथलिक घरांत पॉपी म्हणजे ब्रिटिश सैन्य, आणि ब्रिटिश सैन्य म्हणजे ३० जानेवारी १९७२ चा डेरी शहरातला 'ब्लडी संडे' (त्या दिवशी ब्रिटिश सैनिकांनी मोर्चातल्या लोकांवर गोळ्या झाडल्या), हे नातं पक्कं आहे. डेरीत वाढलेला फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीन याने याच कारणाने वर्षानुवर्षं जर्सीवर पॉपी घेतली नाही आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या बाजूला ८ नोव्हेंबर १९८७ रोजी एनिस्किलनमध्ये स्मरण-रविवारासाठी जमलेल्या लोकांत आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र आयरिश संघटनेचा बॉम्ब फुटला आणि त्या दिवशी ११ माणसं मेली. आयरिश सहकाऱ्याने पॉपी लावली किंवा नाही लावली, तर त्याला कारण विचारू नका. आयर्लंडच्या सैनिकांसाठी तीनपानी शॅमरॉक जोडलेली पॉपीही आहे. २०१७ मध्ये आयरिश पंतप्रधान लिओ वराडकर यांनी ती संसदेत लावली. त्यांचे वडील मूळचे मुंबईचे आणि घराणं मालवणजवळच्या वराडचं.

१३. दोन मिनिटांची स्तब्धता कशी पाळतात? मी त्या वेळी दुकानात असेन तर?

११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता, आणि स्मरण-रविवारी पुन्हा ११ वाजता. पहिल्यांदा १९१९ मध्ये पाळली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर सगळा सोहळा रविवारी गेला. ११ तारखेची स्तब्धता १९९५ पासून पुन्हा रूढ झाली.

दुकानात घोषणा होते. जिथे आहात तिथे उभे राहा, ट्रॉली सोडा, बोलणं थांबवा, फोन गप्प करा. टोपी असेल तर पुरुष काढतात. पगडी, फेटा काढायचा नसतो. हात जोडायची गरज नाही, जोडले तरी कुणाला खटकणार नाही. मूल रडलं तर बाहेर पळू नका, सगळे समजून घेतात.

स्मारकाजवळच्या कार्यक्रमात आधी 'लास्ट पोस्ट' वाजते, मग शांतता, मग दुसरा बिगुल. 'लास्ट पोस्ट' तुम्ही आपल्याकडेही जवानाच्या अंत्यसंस्काराच्या वेळी ऐकली असेल. स्तब्धतेनंतर टाळ्या नसतात. नंतर माजी सैनिक संचलन करत जातात, तेव्हा लोक टाळ्या वाजवतात आणि त्या वाजवाव्यात.

"हॅपी रिमेंबरन्स डे" असा मेसेज पाठवू नका. फुलांच्या गुच्छाचं गुड मॉर्निंगही त्या दिवशी नको.

१४. घरात पणजोबांची पदकं आहेत. ती लावून कार्यक्रमाला जाता येईल?

येईल, आणि जावंच. एकच गोष्ट कटाक्षाने पाळा: स्वतः मिळवलेली पदकं डावीकडे, नातेवाइकांची उजवीकडे. पणजोबांची पदकं उजव्या छातीवर लावलीत की पाहणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला तुम्ही कोण हे न सांगता कळतं. पॉपी नेहमीच्या जागी, डावीकडे.

पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पॉलिश करून ती अक्षरं घासून टाकू नका. पितांबरी तर नकोच.

१५. भाऊ कॅनडात, बहीण न्यूझीलंडमध्ये. तिथेही हेच नियम का?

कॅनडात ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारपासून ११ नोव्हेंबरपर्यंत, डावीकडे. ऑस्ट्रेलियात ११ नोव्हेंबरला पॉपी, आणि २५ एप्रिलच्या अँझॅक दिनाला (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांचा स्मरणदिन) रोझमेरीची डहाळीही. न्यूझीलंडमध्ये पॉपी एप्रिलमध्ये लावतात, कारण १९२१ साली पॉप्या घेऊन येणारी बोट नोव्हेंबरनंतर पोचली आणि पहिला पॉपी-दिन १९२२ च्या अँझॅक दिनाआधी झाला. अमेरिकेत मेमधल्या मेमोरियल डेच्या सुमारास. फ्रान्समध्ये पॉपी नाहीच, तिथे 'ब्लूए' हे निळं फूल असतं.

१६. भारतात असताना लावता येईल? की आपल्याकडे वेगळं काही आहे?

लावू शकता, पण बहुतेकांना अर्थ कळणार नाही. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या लष्करी अभ्यास-संस्थेने भारतासाठी झेंडूचं फूल पुढे केलं आहे, आणि मला ते मनापासून पटतं. झेंडू सगळीकडे मिळतो, देवाला चालतो, दाराला चालतो, हुतात्म्याच्या स्मारकालाही चालतो.

पुण्यात असाल तर खडकीच्या युद्ध दफनभूमीत जाऊन या. शहराच्या गडबडीत इतकी नीट राखलेली हिरवळ आणि एकसारखे दगड पाहून माणूस आपोआप हळू बोलतो. झेंडूची फुलं नेली तरी चालतात. पैसे द्यायचे असतील तर ध्वजदिनाचा निधी आहेच, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जमा होतो.

१७. नंतर पॉपीचं काय करायचं? पुढच्या वर्षी तीच वापरली तर?

वापरा. पण डब्यात पुन्हा काहीतरी टाका. २०२३ पासूनची नवी पॉपी संपूर्ण कागदाची आहे, प्लॅस्टिकचं देठ आणि काळं बटण गेलं. त्यामुळे टाचणी काढून ती कागदाच्या रद्दीत टाकता येते. रस्त्यावर पडलेली दिसली तर उचला. स्मारकाच्या पायथ्याशी ठेवून आलात तर उत्तमच.

१८. आमच्या घरातलं कुणी पहिल्या महायुद्धात गेलं होतं म्हणतात. नाव कसं शोधायचं?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. आडनावाने सापडलं नाही तर निराश होऊ नका. नोंदी इंग्रज कारकुनांनी कानाला ऐकू आल्या तशा लिहिल्या आहेत. बऱ्याच ठिकाणी फक्त नाव आणि वडिलांचं नाव आहे, आडनाव नाही. त्यामुळे 'राम', 'सखाराम', 'बापू' अशा पहिल्या नावाने शोधा, स्पेलिंगं बदलून पाहा, आणि पलटणीच्या नावात 'मराठा' हा शब्द जुन्या इंग्रजी पद्धतीने, मध्ये 'एच' घालून लिहा. अनेक नोंदींत गाव, तालुका आणि 'सातारा' किंवा 'रत्नागिरी' असा जिल्हा दिलेला असतो, तो तुमच्या घरच्या माहितीशी ताडून पाहा.

घरात पदक असेल तर त्याच्या कडेवरचा नंबर सर्वांत खात्रीचा धागा (प्रश्न १४). गावच्या शाळेत, चावडीवर किंवा देवळाजवळ "या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले" अशी जुनी पाटी असेल तर तिचा स्पष्ट फोटो काढा. चुना फासण्याआधी काढा. माणूस गेला याचा कागदी पुरावा आहे आणि कमिशनकडे नोंद नाही असं आढळलं, तर तसं त्यांना कळवता येतं. पुरावा पटला की नाव जोडलं जातं. पेन्शनचे कागद, पलटणीचं पत्र, जुनी सनद असं काहीही ट्रंकेत असेल तर आत्ताच स्कॅन करून ठेवा. आणि ज्या आजीला त्या कागदावरचं नाव कुणाचं हे माहीत आहे, तिला आधी विचारा.